विषय आहे, विधान कोठे आहे?

१

राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण (कारकीर्द ९३९ ते ९६७) याच्या बिरुदांमध्ये ‘कंधारपुरवराधीश्वर’ असे एक बिरुद येते. हे कंधारपूर म्हणजे मन्याडच्या खोऱ्यातले आजचे कंधारच काय, हा प्रश्न इतिहासकारांपुढे होता. केवळ नामसादृश्यावर विसंबून त्याचे उत्तर होकारार्थी देता येत नव्हते. त्यासाठी गावचा किल्ला, जगत्तुंग सागर, भग्न शिल्पे आणि खुद्द कंधारला सापडलेला कृष्णाच्या काळातील खंडित संस्कृत लेख या सर्वांची साक्ष काढावी लागली. एका बिरुदाने एक शंका निर्माण केली, शंकेने एक विधान मागितले आणि विधानाने पुरावा कोठे शोधायचा ते ठरवले. संशोधन म्हणतात ते या क्रमाला.

आता हाच प्रश्न एखाद्या मराठी विभागाच्या संशोधन मान्यता समितीपुढे आला असता तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. त्याचे शीर्षक ‘कंधार : एक चिकित्सक अभ्यास’ असे झाले असते. पहिल्या प्रकरणात गावाचे भौगोलिक स्थान, दुसऱ्यात ऐतिहासिक पार्श्वभूमी, तिसऱ्यात सामाजिक जीवन, चौथ्यात धार्मिक जीवन, पाचव्यात सांस्कृतिक जीवन आणि शेवटी समारोप, अशी प्रकरणयोजना सादर झाली असती. तीमध्ये कंधारविषयी सर्व काही आले असते. फक्त कंधारविषयी प्रश्न आला नसता. ज्या बिरुदापासून आरंभ झाला ते बिरुद दुसऱ्या प्रकरणाच्या तिसऱ्या परिच्छेदात एक माहिती म्हणून नोंदले गेले असते आणि तेथेच विझले असते.

हा विनोद नाही. गेल्या चार-पाच दशकांत मराठी विषयात सादर झालेल्या प्रबंधांच्या सूचीवरून नुसती नजर फिरवावी. ‘अमुक यांचे वाङ्मय : एक अभ्यास’, ‘तमुक यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण’, ‘व्यक्ती आणि वाङ्मय’, ‘समग्र साहित्याचा चिकित्सक अभ्यास’ या साच्यांतील शीर्षकांची संख्या मोजता मोजता बोटे थकतात. या शीर्षकांमध्ये एक व्याकरणिक साम्य आहे. त्यांत क्रियापद नाही. क्रियापद नाही, कारण विधान नाही. आणि विधान नाही, कारण शंका नाही. विषयाला क्रियापदाची गरज नसते. विधानाला मात्र ती असतेच, उच्चारलेली असो वा अध्याहृत.

२

या दुखण्याचे एक मूळ परिभाषेत आहे. ‘थीसिस’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘ठेवणे, मांडणे’ असा आहे. चर्चेसाठी जो पक्ष समोर ठेवला जातो, ज्याचे समर्थन करावे लागते आणि ज्याचे खंडनही होऊ शकते, तो थीसिस. पुढे ज्या ग्रंथात हा पक्ष मांडला जातो त्या ग्रंथालाही तेच नाव मिळाले. मराठीत हा शब्द आणताना त्यातील दुसरा अर्थ तेवढा उचलला गेला आणि ‘प्रबंध’ ही संज्ञा रूढ झाली. प्रबंध म्हणजे बांधणी, रचना. ग्रंथ राहिला, पक्ष गळून पडला. बांधायचे ठरले, काय मांडायचे ते ठरवण्याची जबाबदारी शब्दानेच नाहीशी केली. वस्तुतः ‘मांडणी’ हा साधा मराठी शब्द त्या ग्रीक शब्दाच्या किती तरी जवळचा होता.

‘हायपॉथिसिस’साठी रूढ झालेल्या ‘गृहीतक’ या संज्ञेने तर उरलीसुरली कसर भरून काढली. जे गृहीत धरले आहे ते सिद्ध करण्याचे कारण काय? हायपॉथिसिस हा तपासून पाहण्याचा तात्पुरता अंदाज असतो. ‘अभ्युपगम’ ही संज्ञा कोशात त्यासाठी उपलब्धही आहे. परंतु आराखड्याच्या नमुन्यात ‘गृहीतके’ असा रकाना येतो आणि संशोधक त्या शब्दाशी प्रामाणिक राहून खरोखरच गृहीत धरलेल्या गोष्टी तेथे लिहितो : ‘साहित्य आणि समाज यांचा निकटचा संबंध असतो’, ‘लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव त्याच्या लेखनावर पडतो’, ‘ग्रामीण साहित्यात ग्रामीण जीवनाचे चित्रण असते’. यांतील कोणतेही वाक्य कोणी नाकारणार नाही. जे कोणी नाकारणार नाही ते सिद्ध करण्यासाठी पाच वर्षे खर्च करणे हा तरुण माणसाच्या आयुष्याचा अपव्यय आहे. अडीचशे-तीनशे पानांनंतर ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली हीच वाक्ये भूतकाळी रूपात परत येतात. ‘असते’चे ‘असल्याचे दिसून आले’ होते. या दोन क्रियारूपांमधील अंतर म्हणजे पदवी.

‘संशोधन’ हा शब्द मात्र अजून शुद्धीवर आहे. त्यातील ‘शुध्’ हा धातू मल काढून टाकण्याचा, दुरुस्त करण्याचा अर्थ सांगतो. दुरुस्तीसाठी आधी काही तरी चुकीचे, अपुरे किंवा संदिग्ध असावे लागते. आधीच्या कोणाचे तरी म्हणणे समोर ठेवून त्यात काय राहून गेले हे सांगणे संशोधनाच्या नावातच अभिप्रेत आहे. आराखड्यातील ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हा रकाना त्यासाठीच असतो. प्रत्यक्षात तेथे पूर्वीच्या प्रबंधांची नावे, वर्षे आणि मार्गदर्शकांचे नामनिर्देश एवढेच भरले जाते. आढावा घेतला जातो. हरकत घेतली जात नाही.

३

यावर एक ठराविक आक्षेप घेतला जातो. विधान आधी निश्चित करण्याची ही पद्धत पाश्चात्त्य आहे, विज्ञानातून आलेली आहे. साहित्यकृतीपुढे मोकळ्या मनाने जावे, पूर्वग्रह बाळगून जाऊ नये, असे सांगण्यात येते. हा आक्षेप देशीपणाच्या नावाने केला जातो, म्हणून त्याची तपासणी देशी परंपरेच्या आधारेच झाली पाहिजे.

मीमांसकांनी चर्चेचा घटक म्हणून ‘अधिकरण’ कल्पिले. त्याच्या अंगांची गणना करताना थोडाफार भेद आढळतो. तथापि विषय, संशय, पूर्वपक्ष आणि सिद्धान्त हा कणा कायम आहे. विषय हे पहिले पाऊल आणि लगेच दुसरे पाऊल संशय. संशय नसेल तर अधिकरणच उभे राहत नाही. नैयायिकांनी परार्थानुमानाचे पाच अवयव सांगितले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. त्यात प्रतिज्ञा पहिली. काय सिद्ध करायचे आहे ते आधी सांगा, मग हेतू द्या, असा तो दंडक आहे. निगमनात प्रतिज्ञेचेच वाक्य परत येते हे खरे. पण मध्ये हेतू आणि उदाहरण यांचा पूल बांधलेला असतो. आजच्या प्रबंधात पूल नसताना दोन्ही तीरांवर एकच वाक्य उभे असते.

संस्कृत शास्त्रपरंपरा दूरची वाटत असेल तर मराठीच्या आरंभकाळाकडे पाहावे. केशोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’ची रचना सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी त्रिविध आहे. श्रीचक्रधरांचे वचन आधी, मग लोकव्यवहारातील कथा आणि त्यानंतर ती कथा त्या वचनाला कशी लागू पडते याचे स्पष्टीकरण. दृष्टान्त कितीही रसाळ असला तरी दार्ष्टान्तिकावाचून त्याची सुटका नाही. आजच्या प्रबंधांतील लांबच लांब अवतरणांपाशी दार्ष्टान्तिक कोठे आहे, असा प्रश्न विचारून पाहावा. अवतरण संपते आणि त्याखाली ‘यावरून लेखकाची प्रतिभा दिसून येते’ एवढे एक वाक्य येते. मराठी गद्याच्या पहाटे जी शिस्त होती ती विद्यापीठांच्या मध्यान्ही नाहीशी व्हावी, याला पाश्चात्त्यांचा प्रभाव कारणीभूत नाही.

राहिला मोकळ्या मनाचा मुद्दा. मोकळे मन आणि रिकामे मन यांत फरक आहे. विधान मांडणे म्हणजे पूर्वग्रह बाळगणे नव्हे. ते पूर्वग्रह उघड्यावर आणणे असते. जो संशोधक आपले विधान आरंभीच लिहून ठेवतो त्याला ते चुकल्याचे कळते. जो लिहून ठेवत नाही त्याला काहीच चुकल्याचे कळत नाही, कारण त्याने काही म्हटलेलेच नसते.

४

विधान आराखड्याला कसे जन्म देते याची मराठीतली उदाहरणे दुर्मीळ नाहीत. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथाच्या नावातच विधान आहे. गोपजनांचा लोकदेव उन्नत होत वैष्णव दैवत कसा झाला, हे त्यांना सांगायचे होते. म्हणून पंढरपूरच्या मूर्तीपासून धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवापर्यंतची सामग्री तेथे एकत्र आली. या सामग्रीची निवड विषयाने केलेली नाही, विधानाने केली आहे. ते विधान मान्य नसणारे अभ्यासक आहेत. पण ते अमान्य करण्यासाठीही त्यांना ढेरे यांच्याच वाटेने जावे लागते. हेच त्या ग्रंथाचे सामर्थ्य.

भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रेरणांचा विचार करताना ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कादंबऱ्या तीन प्रवृत्तींच्या आरंभी उभ्या केल्या. ही विभागणी फार आटोपशीर आहे, तीत अनेक कादंबऱ्या बसत नाहीत, असे म्हणता येईल. परंतु असे म्हणता येणे हाच तिचा उपयोग आहे. कालक्रमानुसार कादंबऱ्यांची यादी देणाऱ्या इतिहासाशी भांडता येत नाही. फार तर त्यात राहून गेलेले एखादे नाव सुचवता येते.

आणि नांदेडचे नाव निघाले की नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांचे स्मरण टाळता येत नाही. पीपल्स कॉलेजच्या या प्राचार्यांकडे डॉक्टरेट नव्हती. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराची चिकित्सा असो, मनुस्मृतीचे विवेचन असो की ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून छापलेले पत्र असो, त्यांचा लेख पहिल्या दोन पानांतच कोणाशी तरी मतभेद नोंदवतो आणि पुढील सारी पाने त्या मतभेदाची किंमत चुकवण्यात खर्च करतो. त्यांच्या नावाने व्याख्याने होतात, त्यांच्यावर प्रबंधही लिहिले जातात. त्यांची पद्धत मात्र त्यांच्याच प्रदेशातील आराखड्यांमध्ये क्वचितच उतरते.

५

दुसरा आक्षेप अधिक कारुण्यपूर्ण आहे. कंधार, मुखेड, देगलूर, अहमदपूर येथील विद्यार्थ्याकडून एवढी अपेक्षा करू नये. ग्रंथालये अपुरी, घरी वाचनाची परंपरा नाही, तासिका तत्त्वावरची नोकरी. त्याला साधासोपा विषय द्यावा आणि पदवी मिळवू द्यावी, असे सहानुभूतीने म्हटले जाते. ही सहानुभूती हाच सर्वांत मोठा अन्याय आहे. साधनांचा अभाव असलेल्या संशोधकाला तर विधानाची गरज अधिक असते. विधान असले की चाळीस पुस्तकांनी भागते. ते नसले की चारशेही अपुरी पडतात, कारण कोणते पुस्तक नको हे सांगणारे काहीच हाताशी नसते.

एक उदाहरण घेऊन पाहता येईल. ‘भास्कर चंदनशिव यांच्या कथेतील ग्रामीण जीवन’ हा विषय. रूढ आराखडा सर्वांच्या परिचयाचा आहे : लेखकाचा परिचय, ग्रामीण साहित्याची संकल्पना, कथांचा आशय, भाषाशैली, समारोप. निष्कर्ष आजच लिहून ठेवता येतो : ‘ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण’.

आता याच कथांपुढे एक शंका उभी करावी. ‘लाल चिखल’ या कथेत टोमॅटोला भाव न मिळालेला शेतकरी भर बाजारात आपलाच माल पायांखाली तुडवतो. हा प्रसंग गावात घडत नाही, बाजारात घडतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) गाव उठते ते दुष्काळाने, तेथे बाजार हा संघर्षाचा केंद्रबिंदू नाही. यावरून पहिले कच्चे विधान असे करता येईल : चंदनशिवांच्या कथेत ग्रामीण संघर्षाचे केंद्र गावाच्या शिवेबाहेर, बाजारपेठेत सरकते.

कच्चे विधान लिहिताच त्याच्यावर हल्ला सुरू झाला पाहिजे, आणि पहिला हल्ला स्वतः संशोधकाने करावयाचा असतो. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) शेतकऱ्याच्या नाडवणुकीची कारणे गावाबाहेर, सरकारी यंत्रणेत दाखवली नव्हती काय? कृष्णराव भालेकरांच्या ‘बळीबा पाटील’मध्ये १८७७ च्या दुष्काळाची पार्श्वभूमी नाही काय? मग हे सरकणे ‘प्रथमच’ घडले असे म्हणता येत नाही. ‘प्रथमच’ हा शब्द खोडावा लागतो. तो खोडल्यावर विधान अधिक धारदार होते : सत्यशोधकी गद्याने एकोणिसाव्या शतकातच ओळखलेले शोषणाचे हे शिवेबाहेरचे स्थान पुढील ग्रामीण कथेत बऱ्याच अंशी झाकले गेले, १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनानंतर बदललेल्या वातावरणात चंदनशिवांची कथा ते पुन्हा उघडे करते, आणि त्यामुळे तिची रचनाही बदलते.

हे विधान खरेच असेल असे नाही. ते खोटे ठरू शकते, म्हणूनच ते उपयोगाचे आहे. आणि पाहावे, आराखडा आता आपोआप बदलतो. लेखकाचा परिचय दोन पानांत आटोपतो, कारण विधानाला त्याची फारशी गरज नाही. पहिले प्रकरण फुले आणि भालेकर यांच्या गद्यावर येते. दुसरे, स्वातंत्र्योत्तर ग्रामीण कथेत बाजार कोठे व कसा येतो याचा तपास करते. तेथे माडगूळकर आणि शंकर पाटील यांच्या कथा प्रतिकूल साक्षीदार म्हणून उभ्या राहतात. तिसरे प्रकरण चंदनशिवांच्या निवडक कथांचे. चौथे, स्थळ बदलल्याने कथेचा शेवट, निवेदन आणि संवाद कसे बदलतात याचे. साहित्याचा अभ्यास समाजशास्त्राच्या परिशिष्टात जमा होऊ नये यासाठी ते अपरिहार्य आहे. पाचव्या प्रकरणात विधानाला न जुमानणाऱ्या कथांचा विचार. एकही प्रकरण दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही. रूढ आराखड्यात भाषाशैलीचे प्रकरण आशयाच्या आधी ठेवले काय अथवा नंतर ठेवले काय, कोणाच्या ध्यानातही येत नाही. आराखड्याची कसोटी हीच : प्रकरणांचा क्रम बदलून पाहावा. काहीच मोडले नाही, तर तेथे युक्तिवाद नव्हता.

या अभ्यासासाठी लागणारी एक सामग्री मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत नाही आणि कंधारच्या विद्यार्थ्याच्या घरात आहे. आडत, हमाली, तोलाई, कडता हे शब्द त्याने कोशातून शिकलेले नाहीत. सोयाबीनची किंवा कापसाची पट्टी हातात घेऊन अंगणात मुकाट बसलेला बाप त्याने पाहिलेला असतो. चंदनशिवांची कथा वाचताना त्याच्या मनात उठणारी शंका ही त्याची मिळकत आहे. रूढ आराखडा त्याला सांगतो की ही शंका बाहेर ठेव आणि ‘ग्रामीण साहित्य : संकल्पना व स्वरूप’ या प्रकरणासाठी सहा व्याख्या गोळा कर. अशा रीतीने जो जाणतो त्याला अजाण केले जाते आणि त्या क्रियेला प्रशिक्षण म्हटले जाते.

६

या अवस्थेला व्यवस्थाही जबाबदार आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा संशोधनाचे केंद्र खेड्यापाड्यांच्या जवळ आले, ही आनंदाची गोष्ट होती. पुढे २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीला लेखसंख्येचे गुणांक जोडले. लेख मोजले जाऊ लागले आणि वाचले जाणे थांबले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्यांना आवर घालण्यासाठी आयोगाने याद्या केल्या. त्यांपैकी ‘केअर’ यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ मध्ये रद्दही झाली. २०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्य मोजण्याची टक्केवारी ठरवली. परंतु ज्या लेखात विधानच नाही, तो शब्दशः स्वतंत्र असला तरी त्यात चोरण्यासारखे काय असते? संगणक उसनी वाक्ये पकडतो. उसना विषय, उसनी प्रकरणयोजना आणि उसना निष्कर्ष त्याला पकडता येत नाही. ती जबाबदारी मार्गदर्शकाची आणि मान्यता समितीची आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता पदव्युत्तर अभ्यासक्रमातच संशोधन प्रकल्प आला आहे. म्हणजे पूर्वी जो साचा पीएच.डी.च्या उंबरठ्यावर भेटत असे तो आता एम.ए.च्या वर्गातच भेटणार. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी ज्याने ‘एक अभ्यास’ लिहिला, तो पुढे अध्यापक होऊन ‘एक अभ्यास’च लिहवून घेईल. साचा असाच वंश वाढवतो.

उपाय खर्चिक नाही. मान्यता समितीने आराखड्यातील ‘गृहीतके’ हा रकाना काढून तेथे तीन प्रश्न ठेवावेत. या संशोधनाचे म्हणणे एका वाक्यात काय आहे? त्या वाक्याशी कोण असहमत होईल आणि का? कोणता पुरावा मिळाला तर संशोधक ते वाक्य मागे घेईल? ज्याला या तिन्हींची उत्तरे देता येत नाहीत त्याला नापास करू नये. सहा महिने अधिक वाचायला सांगावे. विधान पहिल्या दिवशी सापडत नाही. ते वाचनातून सापडते, लिहिताना बदलते आणि बहुधा आराखड्याच्या तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यात स्थिरावते. परंतु त्याची मागणीच झाली नाही, तर ते शोधण्याचे कष्ट कोण घेईल?

मार्गदर्शकांना हे गैरसोयीचे वाटेल. विधान करणारा विद्यार्थी उद्या मार्गदर्शकाच्याच विधानावर हरकत घेईल, ही भीती अनाठायी नाही. ती खरी आहे. पण त्या भीतीपोटी एका संपूर्ण प्रदेशातील तरुण बुद्धीला केवळ संकलनाच्या हमालीवर ठेवणे हा विद्येचा व्यवहार नव्हे. खंडित शिलालेखाच्या तुटक ओळींवरून कंधारविषयी एक वाक्य निश्चयाने म्हणता यावे म्हणून इतिहासकारांनी घाम गाळला. त्याच कंधारच्या विद्यार्थ्याला, सर्व अक्षरे शाबूत असलेल्या पुस्तकाविषयी, स्वतःचे म्हणून एक वाक्य म्हणू दिले जात नाही. आधी ते वाक्य त्याच्याकडून मागावे. प्रबंधाच्या पानांचे नंतर पाहता येईल.